मिठाची भावकी

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. रोज किती साखर खायचात? आणि आता डायबेटिस आहे का? पहिल्याचं उत्तर, फारशी नाही. दुसऱ्याचं उत्तर, आहे. एवढ्यावर लोकांचं समाधान होतं आणि गप्पा दुसरीकडे वळतात. तुम्ही तिथं नेमकं करत काय होता, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून या दिवाळीला मीच सांगून टाकतो.

आमचा सहकारी कारखाना ढोकीच्या बाजूला. मी तिथं केमिस्ट. उसाचा रस तपासायचा, त्यात चुना किती घालायचा ते सांगायचं, साखरेचा दाणा बघायचा, मळीत साखर वाया जात असेल तर बोंब मारायची, हे झालं लोकांना कळणारं काम. पण केमिस्टची झोप उडवते ती साखर नव्हे, पाणी. बॉयलरला गोडं पाणी लागतं. जड पाणी गेलं की त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नळ्यांना आतून धरतो, त्याचा दगड होतो, आणि एक दिवस नळी फुटते. तुमच्या घरी बोअरच्या पाण्याने तांब्याभांड्यांवर पांढरा थर चढतो ना, तेच. फक्त तांब्या फुटत नाही आणि फुटला तरी कारखाना बंद पडत नाही.

हे दोघे, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, जिथं तिथं जोडीनेच का सापडतात, हे सांगायला मी प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक तक्ता लावला होता. मूलद्रव्यांची आवर्तसारणी. लातूरहून आणलेला, खाली-वर लाकडी पट्टी असलेला. एकदा आमचे चेअरमन पाहुण्यांना घेऊन आले. तक्त्यासमोर उभे राहिले, चौकोनांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "केमिस्टसाहेब, हा कुठल्या कॉलनीचा लेआउट?"

मी म्हटलं, "साहेब, सगळ्या जगाचा. जे जे काही आहे ते या चौकोनांतल्या मंडळींचंच बनलंय."

"अन् हे कडंचे प्लॉट कुणाला दिले?"

अगदी उजव्या कडेच्या उभ्या ओळीत हेलियम, निऑन, अर्गॉन ही वायूंची मंडळी. मी म्हटलं, "हे कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. कुणाशी जुळत नाहीत, भांडत नाहीत."

चेअरमन खिन्न झाले. "असे सभासद आपल्याला कवा मिळायचे?" म्हणाले आणि पाहुण्यांना पुढे घेऊन गेले.

पण त्यांच्यामुळे मला तक्ता समजावण्याची रीत सापडली. तेव्हापासून मी 'गण' वगैरे शब्द सोडून दिले आणि सरळ भावकी म्हणू लागलो. आडव्या ओळीत वजन वाढत जातं. उभ्या ओळीत भावकी बसते. पहिल्या उभ्या ओळीत सोडियम आणि त्याच्या खाली पोटॅशियम. दोघे इतके तापट की पाण्यात टाकले तर पेट घेतात, म्हणून एकटे कधी सापडायचे नाहीत, कायम कुणाशी तरी लगीन लावून बसलेले. शेजारच्या ओळीत मॅग्नेशियम, कॅल्शियम. हे आमचे बॉयलरचे वैरी. पलीकडे क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. ज्या रशियन प्राध्यापकाने हे पहिल्यांदा मांडलं, तो मोठा धीट माणूस. काही घरं त्याने रिकामी ठेवली. म्हणाला, इथला माणूस अजून सापडायचाय, पण तो येईल. पंगतीत उशिरा येणाऱ्याचं पान मांडून ठेवावं तसं. आणि आयोडीनच्या बाबतीत तर त्याने वजनालाही जुमानलं नाही. वजनाने बघितलं तर आयोडीनची जागा एक घर अलीकडे येत होती. पण आयोडीनची वागणूक क्लोरीनच्या घरची. त्याने वजन बाजूला ठेवलं, वागणूक बघितली आणि त्याला त्याच्या भावकीत नेऊन बसवलं.

हे सगळं ऐकायला प्रयोगशाळेत कायम एक श्रोता असे. गयाबाई. काचेची भांडी धुण्याच्या कामावर होत्या, हंगामापुरत्या. कारखान्यामागच्या वाडीत बौद्धवस्तीत घर. नवरा ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर, त्यामुळे तो हंगामात घरी म्हणजे अधूनमधून आलेला पाहुणाच. घरी सासरे, आबा. गयाबाईंनी धुतलेली नळी उजेडाला धरली तर तिच्यात थेंब चिकटलेला दिसत नसे. त्यांना कायम करून घ्यावं म्हणून मी पुष्कळ खटपट केली, ते काही झालं नाही. ती खंत अजून आहे.

तो हंगाम कोरड्या वर्षाचा होता. पावसाने पाठ फिरवली होती, ऊस करंगळीएवढा. वाडीतली गोड्या पाण्याची विहीर आटली आणि लोक हापशाच्या पाण्यावर आले. पाणी मिळालं यातच सगळ्यांना आनंद. गयाबाई रोजच्यासारख्या यायच्या, पण वाळत चालल्या होत्या. बोलणंही कमी झालं होतं.

एके दुपारी त्या भांडी धुता धुता मोरीपाशीच खाली बसल्या. हाताची बोटं आखडलेली, पोटऱ्यांत गोळे, कपाळाला घाम. मी लिंबू मागवलं, चंचुपात्रात साखर-मीठ घालून सरबत केलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वास घेतला.

"साहेब, मीठ हाय का ह्यात?"

"आहेच की. त्यानंच बरं वाटेल."

"मग नगं. म्या मीठ सोडलंय."

मला वाटलं काही उपास-तापास असेल. तसं म्हणालो तर त्या दुखावल्या. "व्रत-बित न्हाय वो. आमच्यात ते नसतंय. हे माझं माझं हाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आबांच्या पायांना सूज होती, चालताना धाप लागायची. कळंबच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मीठ बंद सांगितलं. गयाबाईंनी त्या दिवसापासून आबांचं वेगळं शिजवायला घेतलं, मिठाचा कण न घालता. पण सूज हटेना. डॉक्टर प्रत्येक वेळी पायावर बोट दाबायचे, खळगा बघायचे आणि विचारायचे, घरात मीठ कोण घालतंय? घरात स्वयंपाक करणारी एकच. आबांची खात्री पटली. आणि आबा काही मनात ठेवणारे गृहस्थ नव्हते. घराचा ओटा हापशासमोर, तिथं बसून, पाण्याला आलेल्या सगळ्या बायांदेखत म्हणाले, "माझी सून मला मीठ घालून मारायला बसलीय."

"त्या दिशी मीबी सगळ्यांम्होरं बोलले," गयाबाई म्हणाल्या. "माझ्या हातनं मीठ जात न्हाय हे तुमाला पटंस्तोवर मीबी मीठ खायची न्हाय. तवापून अळणीच हाय."

साखरेच्या पोत्यांची थप्पी लागलेल्या कारखान्यात ही बाई मिठावाचून आखडून पडत होती. मला राग आला. आबांचा, डॉक्टरांचा, तिचाही. मिठाचं सरबत गयाबाईंनी घेतलं नाहीच. साधं लिंबू-साखर प्यायल्या, जरा वेळ बसल्या, आणि उठताना तक्त्याकडे बघत म्हणाल्या, "साहेब, तुमी भावकीचं सांगता ना. मग मिठासारखं लागंल पण मीठ नसंल, असा कुणी भाऊ न्हाय का? आबांचं जेवणच तुटलंय. तेवढं दिलं तर त्यांचं मन तरी निवंल."

प्रश्न अगदी नेमका होता. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचं लग्न. सोडियमच्या खालच्याच घरात पोटॅशियम. त्याचं क्लोरीनशी लग्न लावलं तर तेही पांढरं, तेही खारट, जरा मागून कडवट. त्याची बाटली माझ्या कपाटात होती. मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण औषधाचा धंदा आपला नाही. सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने कळंबला गेलो आणि डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "त्यांचं मूत्रपिंडही धड नाही. पोटॅशियम साठत गेलं तर हृदय थांबेल. तक्त्यात शेजारी असतील, शरीरात नाहीत."

ते बरोबरच होतं. भावकी म्हणजे सारखेपणा. एकाच्या जागी दुसरा डोळे झाकून बसवावा इतका सारखेपणा नव्हे. आमच्या तक्त्याची ही दुसरी बाजू मी त्या दिवशी शिकलो. मी उठलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुम्ही त्या सुनेला ओळखता ना? सांगा तिला, मीठ खरोखर बंद कर. ते पाय बिनमिठाचे नाहीत."

येताना एस.टी.च्या खिडकीत बसून मी एकच विचार करत होतो. डॉक्टर खोटं बोलत नाहीत. गयाबाईही खोटं बोलत नाहीत; त्यांचे आखडलेले हात मी पाहिले होते. दोन्ही खरं असेल तर सोडियम तिसऱ्याच दाराने घरात येत होता.

मी दुसऱ्या दिवशी कामावरून सरळ त्यांच्या घरी गेलो. आबा ओट्यावर. उंच, रुंद हाडांचा म्हातारा, पाय उशीसारखे सुजलेले. "जय भीम साहेब, या. बसा. बघा आमचे हाल," म्हणाले. मी आत चुलीपाशी पाट घेऊन बसलो आणि गयाबाईंना म्हटलं, रोज करता तसा स्वयंपाक करा, मी नुसता बघतो. त्या संकोचल्या, पण लागल्या कामाला. हापशाचं पाणी. त्यात तुरीची डाळ. डाळ उकळत राहिली, दाणे टणक ते टणकच. मग त्यांनी फडताळातून एक डबी काढली, पांढऱ्या भुकटीची चांगली चिमूट घेतली आणि डाळीत टाकली. जरा वेळाने आणखी एक.

"हे काय?"

"पापडखार. ह्या पाण्यात डाळच शिजत न्हाय वो साहेब. हिरीचं पानी हुतं तवा लागत नव्हता. आता हापशाचं पानी जसं खाली चाललंय तसा जास्तीच लागतोय."

मी डोक्याला हात लावला. पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीलाही धरून ठेवतो. बॉयलरला धरतो तसाच. पापडखार त्याची पकड सोडवतो आणि डाळ मऊ होते. पण पापडखार म्हणजे सोडियमच. मिठात त्याचं लग्न क्लोरीनशी, इथं दुसऱ्याशी. चव बदलते, म्हणून जीभ फसते. सुजलेला पाय फसत नाही. आणि अळणी जेवणात आबांना तेवढी डाळच काय ती जायची, म्हणून गयाबाई ती सगळी त्यांनाच वाढायच्या. दोन्ही वेळा वाटीवर वाटी.

मी मोठ्या उत्साहाने हे गयाबाईंना समजावलं. मला वाटत होतं, मी त्यांची सुटका करतोय. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं, मी काय करून बसलोय.

"म्हंजी मीच घालत हुते," त्या म्हणाल्या. "आबा खरं बोलत हुते."

"अहो, तुम्हाला काय माहीत? डॉक्टरांनीही विचारलं नाही."

"माहीत नसलं तरी हात माझाच हाय की साहेब."

मी पुष्कळ बोललो, पण त्यांनी मीठ काही सुरू केलं नाही. आधी निर्दोष ठरण्यासाठी सोडलं होतं, आता दोषी ठरल्या म्हणून सोडलं. माझ्या शास्त्राने घातलेला हा गोंधळ मलाच निस्तरणं भाग होतं.

पाण्याचा उपाय माझ्याकडे होता. कारखान्यात वाफेने रस तापवला की ती वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होते. हे पाणी अगदी कोरं. त्यात कॅल्शियम नाही, सोडियम नाही, काही नाही. ते परत बॉयलरला जातं आणि जास्तीचं वाहून जातं. बॉयलरवाल्यांशी बोललो. रोज एक कॅन जास्तीच्या पाण्यातून भरायचा ठरला. कॅन जाण्याआधी मी त्यात साखरेची तपासणी करायचो: पाण्यात औषधाचे दोन-तीन थेंब, मग नळीच्या कडेने तीव्र आम्ल, आणि रस मिसळला असेल तर मध्ये जांभळं कडं उमटतं. बॉयलरसाठी आम्ही ही तपासणी सतत करत असू. आबांच्या डाळीसाठीही केली.

डाळ शिजली. पापडखाराशिवाय, लोण्यासारखी. आबांची तक्रार एवढीच आली, की डाळीला गुऱ्हाळाचा वास येतोय.

सूज उतरू लागली. पण थोडी उतरून थांबली. पाणी बदललं, पापडखार गेला, मीठ नाही, तरी घोट्यापाशी खळगा पडतच होता. वाडीत पुन्हा कुजबुज सुरू झाली. गयाबाई माझ्याशी नजर मिळवेनात.

अशात एक दिवस आबा स्वतःच काठी टेकत प्रयोगशाळेत आले. दारात उभे राहून दम खाल्ला. म्हणाले, "साहेब, गया रोज त्या तक्त्याचं सांगती. मला कायबी कळत न्हाय. मला डोळ्यांनी दावा, मिठाचा अन् पापडखाराचा काय संबंध ते."

मी त्यांना स्टुलावर बसवलं, खिडक्या लावून घेतल्या आणि स्पिरिटचा दिवा पेटवला. निळसर, जेमतेम दिसणारी ज्योत. तारेचं टोक ओलं करून मिठात बुडवलं आणि ज्योतीत धरलं. भक्कन पिवळी झाली, झेंडूसारखी. तार आम्लात बुडवून, जाळून साफ केली आणि पापडखारात बुडवली. तीच पिवळी ज्योत.

"हाच तो सोडियम, आबा. कुठल्याही नावाने आला तरी आगीत त्याचा रंग लपत नाही." मग पोटॅशियमही दाखवला. त्याची ज्योत फिकट जांभळी. "हा त्याचा भाऊ. सारखा, पण तो नव्हे."

आबा बराच वेळ ज्योतीकडे पाहत बसले. गयाबाई मोरीपाशी पाठ करून उभ्या होत्या. हातातली नळी केव्हाच धुऊन झाली होती. मग आबांनी सावकाश बंडीच्या आतल्या खिशात हात घातला, एक कागदाची पुडी काढली आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवली.

"ह्येबी जाळून बघा."

"काय आहे?"

"खायाचा सोडा. डाळीनं पोट गच्च हुतंय, म्हनून जेवल्यावर पाण्यातनं घेतो. दोनी टायमाला."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी मिठाचं इचारलं. सोड्याचं कुठं इचारलं?"

मला तार बुडवायची गरज नव्हती. तरी बुडवली, कारण म्हाताऱ्याने डोळ्यांनी दाखवा म्हटलं होतं. ज्योत पिवळीधमक झाली. मी दिवा विझवला. खिडकी उघडली तेव्हा आबा पुडीकडेच बघत होते. ती त्यांनी परत घेतली नाही.

"ही पुडी खिशात ठिवून मी वट्यावर बसून बोललो," ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पायांची सूज पुरती उतरली. डॉक्टरांनी बोट दाबलं, खळगा पडला नाही, आणि त्यांनी सुनेचं कौतुक केलं. पुढे हंगाम संपला, वाफेचं पाणी थांबलं. तोवर गयाबाईंनी डाळीऐवजी काय काय करता येतं ते बसवून घेतलं होतं. आबा नंतर बरीच वर्षं जगले. पण मला सांगायचंय ते त्या मधल्याच एका दिवसाचं.

आबांनी मला जेवायला बोलावलं होतं. संध्याकाळच्या पाण्याची वेळ, हापशावर बायांची रांग. आबांनी ताटं आत मांडू दिली नाहीत. ओट्यावर घोंगडी टाकली, मला बसवलं, आणि मग गयाबाईंना हाक मारली, "तूबी ताट घिऊन बस."

"मी मागनं बसते की, आबा."

"बस म्हणतो ना."

त्या अवघडून बसल्या. हापशाचा खडखड आवाज थांबला. आबा उठले, भिंतीला धरून आत गेले आणि मिठाची बरणी घेऊन आले. काठी टेकून उभे राहिले आणि रांगेकडे बघून मोठ्याने म्हणाले, "माझ्या सुनंनं मीठ घातलं न्हवतं. मीच सोडा खात हुतो. म्या बोललो ते खोटं हुतं. ऐकलं का सगळ्यांनी?"

ऐकलं सगळ्यांनीच. एका बाईने डोक्यावरचा पदर नीट केला.

मग आबा वाकले. वाकताना त्यांना धाप लागत होती. बरणीतून त्यांनी मीठ घेतलं आणि गयाबाईंच्या ताटात, वरच्या बाजूला, मिठाच्या जागी ठेवलं. "जेव आता," म्हणाले. गयाबाईंचा हात भाकरीवर तसाच थांबला होता आणि डोळे भरून वाहत होते. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, मिठाला लावला आणि तोंडात घातला.

आबांच्या बोटांना मीठ चिकटलेलं होतं. कित्येक महिन्यांत त्या माणसाच्या जिभेला ते लागलं नव्हतं. मी त्यांच्या हाताकडेच बघत होतो. त्यांनीही क्षणभर बोटांकडे पाहिलं, तांब्या उचलला आणि ओट्याच्या कडेला जाऊन सगळ्यांदेखत हात स्वच्छ धुतला.